रॉबर्ट टिअर

रॉबर्ट टिअर (जन्म : ८ मार्च १९३९, बॅरी, वेल्स, मृत्यू : २९ मार्च २०११) हे वेल्श टेनर गायक होते. ऑपेरा, ऑरेटोरिओ आणि कलागीते या तिन्ही प्रकारांत त्यांनी सुमारे साडेचार दशके गायन केले. बेंजामिन ब्रिटन आणि मायकेल टिपेट या विसाव्या शतकातील दोन प्रमुख इंग्रज संगीतकारांच्या ऑपेरांत काही भूमिका सर्वप्रथम साकारण्याचा मान त्यांना मिळाला. अल्बान बेर्ग यांच्या 'लुलू' या ऑपेराचा पूर्ण तीन अंकी स्वरूपातील पहिला प्रयोग आणि क्षिश्तोफ पेंडेरेत्स्की यांच्या 'उबू रेक्स'चा पहिला प्रयोग यांतही त्यांचा सहभाग होता. १९८४ साली त्यांना 'कमांडर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' (सीबीई) हा सन्मान देण्यात आला.

टेनर हा पुरुषांच्या नैसर्गिक आवाजांतील सर्वांत उंच पट्टीचा आवाज होय. ऑपेरात प्रेमिक नायकाची भूमिका बहुधा या आवाजाकडे येते. टिअर यांची कारकीर्द मात्र त्या वाटेने फारशी गेली नाही. भूत, उधळ्या मुलगा, कारस्थानी संगीतशिक्षक, अग्निदेव, थकलेला लेखक अशा भूमिका त्यांनी आपल्याशा केल्या आणि त्यांची ओळख मुख्यतः त्यांच्यावरच उभी राहिली.

बालपण आणि शिक्षण

टिअर यांचा जन्म दक्षिण वेल्समधील बॅरी या बंदराच्या गावी झाला. १८८९ साली तेथे गोदी सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात बॅरी हे जगातील सर्वांत मोठ्या कोळसा निर्यात करणाऱ्या बंदरांपैकी एक बनले. वेल्समधील गायकांचा विषय निघाला की खाणकामगारांची वस्ती, तेथील चॅपेलमधील सामुदायिक गायन आणि 'आयस्टेडफॉड' या वेल्श भाषेच्या कला-महोत्सवातील स्पर्धा असे चित्र सामान्यतः उभे राहते. बॅरिटोन गेरेंट एव्हान्स आणि टेनर स्टुअर्ट बरोज हे दोघेही किल्फिनिद या एकाच खाणगावातून आले आणि त्या चित्रात ते चपखल बसतात. टिअर यांची घडण वेगळी होती. ते बॅरी येथील ग्रामर स्कूलमध्ये शिकले आणि तेथून केंब्रिज विद्यापीठाच्या किंग्ज कॉलेजात गेले. त्यांच्या गायनावर वेल्श चॅपेलपेक्षा इंग्रजी कॅथीड्रल-परंपरेचा ठसा अधिक आहे.

१९५७ साली ते किंग्ज कॉलेजच्या गायकवृंदात शिष्यवृत्तीधारक गायक म्हणून दाखल झाले. या वृंदात उंच पट्टीचे स्वर शाळकरी मुले गातात, तर खालचे स्वर महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडे असतात. ख्रिसमसच्या आदल्या सायंकाळी होणारी त्यांची प्रार्थनासभा १९२८ पासून नभोवाणीवरून प्रसारित होत आली असल्याने या वृंदाचे नाव इंग्रजी भाषक जगात घरोघरी पोहोचले होते. टिअर दाखल झाले त्याच वर्षी डेव्हिड विलकॉक्स यांनी वृंदाची सूत्रे हाती घेतली. स्वरांचा अचूक मेळ, एकाच क्षणी उमटणारी व्यंजने आणि शब्दांची स्पष्टता यांबाबत विलकॉक्स अत्यंत काटेकोर होते. टिअर यांच्या उच्चारांतील स्वच्छता पुढे समीक्षकांच्या कौतुकाचा विषय ठरली. तिचे मूळ या शिस्तीत आहे. महाविद्यालयात त्यांचा अभ्यासविषय संगीत नव्हता, इंग्रजी साहित्य होता. हा तपशील वाटतो तितका किरकोळ नाही. गाण्यातील कविता आधी कविता म्हणून वाचण्याची सवय त्यांना तेथेच लागली असे मानण्यास जागा आहे.

केंब्रिजनंतर ते लंडनला आले आणि सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या गायकवृंदात गाऊ लागले. १९६१ साली त्यांचा विवाह झाला. कॅथीड्रलमधील नोकरी कायमस्वरूपी आणि प्रतिष्ठेची असली तरी तेथे एकल गायकाला वाव मर्यादित होता.

इंग्लिश ऑपेरा ग्रुप

१९६३ साली टिअर यांनी ब्रिटन यांच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या ऑपेरात पीटर क्विंटची भूमिका करून रंगभूमीवर पदार्पण केले. हेन्री जेम्स यांच्या कथेवर आधारलेल्या या ऑपेरातील क्विंट म्हणजे एका आडबाजूच्या वाड्यातील मृत नोकराचे भूत असून ते तेथील लहान मुलाला आपल्याकडे ओढू पाहते. ही निर्मिती इंग्लिश ऑपेरा ग्रुप या संस्थेची होती. ब्रिटन आणि त्यांचे सहकारी यांनी ही संस्था १९४७ साली स्थापन केली होती. मोजके गायक, लहान वाद्यवृंद आणि नव्या रचना ही तिची वैशिष्ट्ये होत. १९४८ पासून पूर्व इंग्लंडच्या किनाऱ्यावरील ऑल्डबरा या गावी भरणारा संगीत महोत्सव हे तिचे घरच होते.

या संस्थेतील प्रत्येक टेनरपुढे एक मोठी अडचण असे. क्विंटची भूमिका ब्रिटन यांनी १९५४ साली टेनर पीटर पिअर्स यांच्यासाठी लिहिली होती. पिअर्स हे ब्रिटन यांचे जीवनसाथी होते आणि ब्रिटन यांच्या जवळजवळ सर्व ऑपेरांतील मुख्य टेनर भूमिका पिअर्स यांच्या आवाजाच्या मापाने शिवलेल्या होत्या. आवाज कोणत्या स्वरावर सर्वाधिक खुलतो, कोठे तो विरघळल्यासारखा हलका होतो, कोणता शब्द लांबवता येतो हे सर्व पिअर्स यांना डोळ्यांपुढे ठेवून ठरलेले असे. त्यामुळे नंतर येणारा गायक ती भूमिका गाताना नकळत पिअर्ससारखा ऐकू येऊ लागे. टिअर यांचा आवाज जात्याच त्या जातीचा, म्हणजे सडपातळ, काहीसा बासरीपेक्षा ओबोकडे झुकणारा आणि शब्दांना धार देणारा होता. त्यामुळे पिअर्स यांचे वारसदार म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाऊ लागले. या ओळखीचा त्यांना आरंभी लाभ झाला. पण त्याच ओळखीचे पुढे ओझेही झाले.

ब्रिटन यांनी १९६४ ते १९६८ या काळात चर्चमध्ये सादर करण्यासाठी तीन लघु-ऑपेरा लिहिले. जपानमधील नो नाट्याच्या दर्शनाने त्यांना या प्रकाराची प्रेरणा मिळाली होती. मठवासी साधू स्तोत्र गात प्रवेश करतात, मुखवटे व वेष धारण करून कथा सादर करतात आणि पुन्हा स्तोत्र गात निघून जातात, अशी त्यांची मांडणी आहे. सर्व भूमिका पुरुषांच्याच असतात आणि संचालक समोर उभा नसतो. गायक आणि वादक परस्परांकडे पाहून, ऐकून पुढे जातात. यांपैकी दुसऱ्या, 'द बर्निंग फायरी फर्नेस' (१९६६) या रचनेत टिअर यांनी मिसाएलची भूमिका प्रथम साकारली. बायबलमधील दानिएलच्या ग्रंथात राजा नबुखद्‍नेस्सर तीन यहुदी तरुणांना धगधगत्या भट्टीत टाकतो. मिसाएल हा त्यांतील एक. तिसऱ्या, 'द प्रॉडिगल सन' (१९६८) या रचनेत त्यांना धाकट्या मुलाची म्हणजे शीर्षकातील उधळ्या मुलाचीच भूमिका मिळाली. दोन्ही रचनांचे पहिले प्रयोग ऑल्डबराजवळील ऑर्फर्ड येथील चर्चमध्ये झाले. 'द प्रॉडिगल सन'मध्ये पिअर्स यांनी धाकट्या मुलाला घराबाहेर पडण्यास भुलवणाऱ्या मोहकाची भूमिका केली होती. ज्येष्ठ टेनर कनिष्ठ टेनरला फूस लावतो आणि तो घर सोडून जातो, हे कथानक दोन वर्षांनंतरच्या घटना पाहता काहीसे सूचक वाटते. फरक इतकाच की प्रत्यक्षातील धाकटा पुत्र त्या घरी परतला नाही. १९६७ साली ब्रिटन यांनी स्वतः संचालन केलेल्या 'बिली बड'च्या ध्वनिमुद्रणातही टिअर यांनी फटक्यांच्या शिक्षेने खचून गेलेल्या नवशिक्या खलाशाची छोटी भूमिका गायली.

'सावित्री'तील सत्यवान

या काळातील टिअर यांचे एक ध्वनिमुद्रण भारतीय वाचकांच्या विशेष कुतूहलाचे आहे. इंग्रज संगीतकार गुस्टाव्ह होल्स्ट यांनी १९०८-०९ च्या सुमारास महाभारताच्या वनपर्वातील सावित्री-आख्यानावर 'सावित्री' नावाचा एकांकी ऑपेरा लिहिला. होल्स्ट यांनी संस्कृतचा अभ्यास केला होता, ऋग्वेदातील सूक्तांचे स्वतः इंग्रजी रूपांतर करून त्यांना चाली दिल्या होत्या आणि 'सावित्री'ची संहिताही त्यांनी स्वतःच लिहिली. त्याचा पहिला प्रयोग १९१६ साली लंडनमध्ये झाला. अर्ध्या तासाच्या या रचनेत केवळ तीन पात्रे आहेत : सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. वादक डझनभरच असून पडद्याआडून स्त्रियांचा वृंद शब्दांविना गातो.

संगीतकाराची कन्या इमोजेन होल्स्ट यांच्या संचालनाखाली १९६५ साली या ऑपेराचे ध्वनिमुद्रण झाले. इमोजेन या अनेक वर्षे ब्रिटन यांच्या साहाय्यक होत्या आणि ऑल्डबरा महोत्सवाच्या कलाविषयक सूत्रधारांपैकी एक होत्या. त्यात जॅनेट बेकर यांनी सावित्री, टॉमस हेम्सली यांनी मृत्यू आणि टिअर यांनी सत्यवान गायला. होल्स्ट यांचा सत्यवान हा राजपुत्र म्हणून समोर येत नाही. दिवसभराचे काम आटोपून गात गात घराकडे येणारा तो लाकूडतोड्या आहे. त्याचे गाणे आधी दुरून ऐकू येते, मग तो पत्नीला भयभीत पाहून तिची समजूत काढतो आणि थोड्याच वेळात कोसळतो. महाभारतातील सावित्री यमाकडून एकामागून एक वर मिळवते आणि शेवटी शंभर पुत्रांच्या वराने त्याला पेचात पकडते. ऑपेरातील सावित्री केवळ एकच गोष्ट मागते, ती म्हणजे जीवन. मृत्यूने ते दिल्यावर ती सांगते की सत्यवानाविना तिला जीवन म्हणता येणार नाही. वटपौर्णिमेच्या कथेची सवय असलेल्या श्रोत्याला हा बदल लगेच जाणवतो. टिअर यांच्या वाट्याला येथे फार गाणे नाही. परंतु निर्धास्त माणसाचा मोकळा सूर आणि काही क्षणांतच त्यात शिरणारी ग्लानी ही दोन टोके त्यांनी कोणत्याही नाटकीपणाशिवाय गाठली आहेत. 'सावित्री'च्या ध्वनिमुद्रणांत हे आजही आवर्जून ऐकले जाते.

'द नॉट गार्डन' आणि ब्रिटन यांच्याशी दुरावा

१९७० साल टिअर यांच्या कारकिर्दीतील निर्णायक ठरले. त्या वर्षाच्या अखेरीस दोन नव्या ऑपेरांची तयारी एकाच वेळी चालू होती. ब्रिटन यांचा 'ओवेन विंग्रेव्ह' हा दूरचित्रवाणीसाठी लिहिलेला ऑपेरा असून त्याचे चित्रीकरण नोव्हेंबर १९७० मध्ये ऑल्डबराजवळील स्नेप येथील सभागृहात झाले. टिपेट यांच्या 'द नॉट गार्डन'चा पहिला प्रयोग २ डिसेंबर १९७० रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन येथील रॉयल ऑपेरा हाउसमध्ये व्हायचा होता. टिअर यांनी ब्रिटन यांच्याकडील भूमिकेऐवजी टिपेट यांच्याकडील डोव्ह ही भूमिका स्वीकारली.

ब्रिटन आणि टिपेट यांच्यात वैर नव्हते. दोघेही युद्धविरोधी होते. १९४३ साली लष्करी सेवेसंबंधीच्या अटी नाकारल्याबद्दल टिपेट यांना तुरुंगवास झाला, तेव्हा ब्रिटन आणि पिअर्स त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. टिपेट यांची 'बॉयहूड्स एंड' आणि 'द हार्ट्स अशुअरन्स' ही गीतचक्रे पिअर्स आणि ब्रिटन या जोडीसाठीच लिहिलेली आहेत. त्यामुळे हा वाद दोन पक्षांचा नव्हता, तर निष्ठेचा होता. ऑल्डबराचे वर्तुळ लहान होते. तेथे काम म्हणजे आपुलकी आणि नकार म्हणजे दुरावा असे समीकरण बनलेले असे. अनेक वर्षांचे सहकारी अशा प्रकारे त्या वर्तुळाबाहेर गेल्याची उदाहरणे ब्रिटन यांच्या चरित्रांत वारंवार येतात. टिअर यांच्या बाबतीतही तेच झाले. ब्रिटन यांच्या हयातीत त्यांच्या नव्या रचनेत टिअर यांना पुन्हा भूमिका मिळाली नाही.

एका तरुण गायकाच्या दृष्टीने ही किंमत मोठी होती. त्या काळात इंग्रजी ऑपेरासाठी इतक्या नियमितपणे, इतक्या उच्च दर्जाचे लिहिणारा दुसरा संगीतकार नव्हता आणि पिअर्स साठीत पोहोचले होते. थांबले असते, तर पिअर्स यांच्यामागून त्या सर्व भूमिका ओघानेच टिअर यांच्याकडे आल्या असत्या. परंतु तसे आलेले गायन वारसाहक्काचे ठरले असते. डोव्हची भूमिका त्यांच्याआधी रंगभूमीवर कोणी गायलेली नव्हती. तिच्यामागे तुलनेसाठी कोणताही आवाज उभा नव्हता.

डोव्ह हा संगीतकार आहे आणि मेल या कृष्णवर्णीय लेखकाबरोबर त्याचे प्रेमसंबंध आहेत. एका जोडप्याच्या बागेत जमलेली सात माणसे शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मधील प्रसंगांचा खेळ मांडत परस्परांना आणि स्वतःला ओळखू पाहतात, असे 'द नॉट गार्डन'चे स्वरूप आहे. दोन पुरुषांमधील प्रेम इतक्या उघडपणे मांडणारा हा पहिल्या काही ऑपेरांपैकी एक होय. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा संबंधांवरील फौजदारी बंदी अंशतः उठून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. ब्रिटन यांच्या ऑपेरांत हाच विषय अनेकदा पडद्याआडून, सूचकतेने येतो. टिपेट यांनी तो नावासह रंगमंचावर आणला. संगीतात ब्ल्यूज आणि इलेक्ट्रिक गिटार यांचा वापर आहे. डोव्हला रागाने भुंकावे लागते, विनोद करावा लागतो आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी भेदरलेल्या फ्लोरा या मुलीला धीर देण्यासाठी एक दीर्घ गीत गावे लागते. केंब्रिजच्या चर्चमध्ये तयार झालेल्या गळ्यातून हे सर्व निघू शकते, याचा प्रत्यय त्या प्रयोगाने दिला. कॉलिन डेव्हिस संचालक आणि पीटर हॉल दिग्दर्शक होते. फ्लोराची भूमिका जिल गोमेझ यांनी, तर सूत्रधार मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका 'सावित्री'तील मृत्यू असलेल्या हेम्सली यांनी केली. याच प्रयोगाने टिअर यांचे कॉव्हेंट गार्डनमध्ये पदार्पण झाले.

टिपेट यांच्याशी जुळलेले हे नाते दीर्घकाळ टिकले. डोव्हच्या पात्रावर आधारित 'साँग्ज फॉर डोव्ह' या गीतचक्राचे ध्वनिमुद्रण टिअर यांनी केले. पूर्वी पिअर्स यांच्यासाठी लिहिलेली दोन गीतचक्रेही त्यांनी पियानोवादक फिलिप लेजर यांच्या साथीने ध्वनिमुद्रित केली. 'किंग प्रायम'च्या ध्वनिमुद्रणात (१९८०) ते अकिलीस झाले. या ऑपेरात तंबूत एकटा बसलेला योद्धा केवळ गिटारच्या साथीने मायभूमीची आठवण काढतो. टिअर यांच्या कामात नव्याने शिरू पाहणाऱ्या श्रोत्याने येथून आरंभ करावा. १९८४ साली बॉस्टन येथे 'द मास्क ऑफ टाइम' या टिपेट यांच्या विशाल रचनेच्या पहिल्या प्रयोगातही टेनर एकल गायक तेच होते.

ब्रिटन यांचे संगीत मात्र टिअर यांनी कधी सोडले नाही. कार्लो मारिया जुलिनी यांच्याबरोबर त्यांनी 'सेरेनाड' आणि 'ले इल्युमिनासियाँ' ही गीतचक्रे, तर सायमन रॅटल यांच्याबरोबर १९८३ साली 'वॉर रिक्विएम' ध्वनिमुद्रित केले. 'द टर्न ऑफ द स्क्रू'च्या कॉलिन डेव्हिस यांनी संचालित केलेल्या ध्वनिमुद्रणात ते पुन्हा क्विंट झाले आणि त्याच ध्वनिमुद्रणावर पीटर वाइगल या चेक दिग्दर्शकाने १९८२ साली चित्रपट केला.

चरित्रभूमिका

१९७० नंतर टिअर यांचा वावर युरोपातील मोठ्या ऑपेरागृहांत वाढला. कॉव्हेंट गार्डनमध्ये चायकोव्हस्की यांच्या 'येवगेनी ओनेगिन'मधील कवी लेन्स्कीसारख्या गेय भूमिका त्यांनी केल्या. परंतु वयोमानानुसार ते जाणीवपूर्वक चरित्रभूमिकांकडे वळले. १९७६ साली पॅरिसमध्ये जॉर्ज शोल्टी यांच्या संचालनाखाली वाग्नर यांच्या 'दास राइनगोल्ड'मध्ये त्यांनी लोगे ही भूमिका केली. लोगे हा अग्निदेव आहे. सर्व देवांना युक्ती सांगणारा आणि मनातून त्या सर्वांना हसणारा असा तो असल्याने त्याला मोठा आवाज लागत नाही, चपळ जीभ लागते.

पॅरिसमध्येच २४ फेब्रुवारी १९७९ रोजी 'लुलू'चा ऐतिहासिक प्रयोग झाला. बेर्ग १९३५ साली वारले तेव्हा तिसऱ्या अंकाची वाद्यरचना अपूर्ण होती आणि त्यांच्या पत्नीने ती पूर्ण करण्यास हयातभर परवानगी दिली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर फ्रीडरिश चेर्हा यांनी पूर्ण केलेल्या आवृत्तीचा हा पहिला प्रयोग होता. पिएर बुलेझ यांचे संचालन, पात्रिस शेरो यांचे दिग्दर्शन आणि शीर्षकभूमिकेत टेरेसा स्ट्राटास असा तो योग होता. टिअर यांनी पहिल्या अंकात लुलूचा दुसरा पती होणारा चित्रकार रंगवला आणि ऑपेराच्या रचनेनुसार शेवटच्या अंकातील एका गिऱ्हाइकाची भूमिकाही केली.

मोझार्ट यांच्या 'फिगारोचे लग्न' या ऑपेरातील डॉन बाझिलिओ हा चुगलखोर संगीतशिक्षक त्यांनी डेव्हिस आणि शोल्टी या दोघांच्याही ध्वनिमुद्रणांत गायला. डेव्हिस यांच्याच 'सेराल्यो'च्या ध्वनिमुद्रणात दोन वेल्श टेनर एकत्र ऐकू येतात : नायक बेल्मोंटे म्हणजे बरोज आणि त्याचा हरहुन्नरी नोकर पेद्रिओ म्हणजे टिअर. एकाच्या आवाजातील सलग मखमल आणि दुसऱ्याच्या आवाजातील खोडकर टोक शेजारी शेजारी ऐकले की एका छोट्या देशातील दोन भिन्न गायनपरंपरा सहज कळतात. १९८५ साली झाल्सबुर्ग महोत्सवात मोंतेवेर्दी यांच्या 'युलिसिसचे पुनरागमन' या ऑपेराच्या हान्स वेर्नर हेन्झे यांनी केलेल्या रूपांतरात ते निष्ठावंत गुराखी युमेतेच्या भूमिकेत होते. १९९१ साली म्युनिकमध्ये 'उबू रेक्स'च्या पहिल्या प्रयोगात त्यांनी खादाड, भित्रा आणि क्रूर राजा उबू ही शीर्षकभूमिका केली.

वयाच्या पन्नाशीत त्यांना ब्रिटन यांच्या अखेरच्या ऑपेरातील प्रमुख भूमिका मिळाली. टोमास मान यांच्या कादंबरिकेवरील 'डेथ इन व्हेनिस'मध्ये वृद्धत्वाकडे झुकलेला लेखक आशनबाख जवळजवळ अखंड रंगमंचावर असतो आणि त्याच्या मनातील विचार पियानोच्या तुटक साथीवर, बोलण्याच्या लयीत गायले जातात. १९७३ साली पिअर्स यांनी ही भूमिका प्रथम केली तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. १९८९ साली ग्लाइंडबर्न संस्थेच्या फिरत्या प्रयोगांत टिअर यांनी ती केली आणि पुढे तिचे चित्रीकरणही झाले. पिअर्स यांचा आशनबाख स्वतःवरच शोक करणारा वाटतो. टिअर यांचा आशनबाख अधिक कोरडा, स्वतःची थट्टा करू शकणारा आणि म्हणून अधःपतनाच्या वेळी अधिक उघडा पडणारा आहे. ब्रिटन जाऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

मैफली आणि ध्वनिमुद्रणे

टिअर यांच्या ध्वनिमुद्रणांची संख्या अडीचशेच्या घरात जाते. त्यांत बाखपासून समकालीन संगीतापर्यंत सर्व काही आहे. विलकॉक्स यांच्या संचालनाखाली किंग्ज कॉलेजच्या वृंदाबरोबर हँडेल यांचा 'मेसाया', लेजर यांच्याबरोबर बाख यांचा 'ख्रिसमस ऑरेटोरिओ', नेव्हिल मॅरिनर यांच्याबरोबर हँडेल यांचे 'एसिस अँड गॅलटेआ' आणि अलेक्झांडर गिब्सन यांच्याबरोबर एल्गार यांचे 'द ड्रीम ऑफ जेरॉन्शिअस' ही त्यांतील काही होत. व्हॉन विल्यम्स यांच्या 'ह्यू द ड्रोव्हर' या ऑपेरात ते नायक आहेत. हाउसमन यांच्या कवितांवरील 'ऑन वेनलॉक एज' हे गीतचक्र त्यांनी रॅटल यांच्यासह वाद्यवृंदाच्या साथीने ध्वनिमुद्रित केले.

बाख यांच्या पॅशनमध्ये येशूच्या यातनांची कथा सांगणाऱ्या निवेदकाचे काम टेनरकडे असते. त्यात चाल थोडी आणि शब्द फार, त्यामुळे सुरेल पण अर्थाकडे दुर्लक्ष करणारा गायक येथे उघडा पडतो. टिअर यांना हे काम विशेष साधत असे.

कॉर्नवॉलचे बॅरिटोन बेंजामिन लक्सन यांच्या जोडीने त्यांनी व्हिक्टोरियाकालीन दिवाणखान्यातील लोकप्रिय गीते पुन्हा श्रोत्यांपुढे आणली. ध्वनिमुद्रणात पियानोची साथ आंद्रे प्रेव्हिन यांची होती. हसवणारी, रडवणारी, क्वचित बाळबोध अशी ही गीते गंभीर गायक टाळत असत. या जोडीने त्यांची टिंगल न करता, त्यांतील भाबडेपणासकट ती गायली. टिअर यांचे नाव ऑपेराकडे न फिरकणाऱ्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते यामुळेच.

गायनशैली

टिअर यांचा आवाज इटालियन अर्थाने सुंदर म्हणता येणार नाही. त्यात झळाळी कमी होती आणि जोर लावताना वरचे स्वर कधी कधी आकसल्यासारखे होत. ज्यांना टेनरकडून प्रथम स्वराचे सुख हवे असते, त्यांना तो कोरडा वाटे. परंतु शब्दाचा नेमका भार, उपरोधाची छटा, एकाच वाक्यात बदलणारा भाव आणि अवघड नव्या स्वरलिपीवरील पकड या गुणांत त्यांच्या पिढीतील फार थोडे गायक त्यांच्या बरोबरीचे होते. बाख यांचा निवेदक आणि पेंडेरेत्स्की यांचा उबू हे एकाच गळ्यातून येऊ शकले, ते या गुणांमुळेच.

अध्यापन, संचालन आणि लेखन

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून टिअर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गायनाचे अध्यासन भूषवीत होते. १९८५ साली त्यांनी अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे वाद्यवृंद-संचालक म्हणूनही पदार्पण केले. १९८९ साली किंग्ज कॉलेजने त्यांना मानद फेलो केले.

१९९० साली 'टिअर हिअर' हे त्यांचे आत्मचरित्रपर पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकात श्लेष आहे : त्यांचे आडनाव आणि इंग्रजीत पाकिटावर छापलेली 'येथे फाडा' ही सूचना यांतील शब्दाची वर्णाक्षरे एकच आहेत, उच्चार तेवढा वेगळा. १९९५ साली 'सिंगर बिवेअर' हे गायनव्यवसायाविषयीचे पुस्तक आले. 'गायका, सावध' असा त्याच्या नावाचा अर्थ होतो.

अखेरची वर्षे

उतारवयात टिअर यांनी रंगमंच एकदम सोडला नाही. भूमिका लहान होत गेल्या. पुच्चिनी यांच्या 'तुरान्दोत'मधील वृद्ध सम्राट अल्तूम ही त्यांच्या कॉव्हेंट गार्डनमधील शेवटच्या भूमिकांपैकी एक. उंच सिंहासनावर बसून, क्षीण पण स्पष्ट आवाजात मोजकी वाक्ये उच्चारणे एवढेच या भूमिकेत असते आणि ती परंपरेने कारकिर्दीच्या सायंकाळी असलेल्या टेनरकडे दिली जाते. २९ मार्च २०११ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी व दोन कन्या होत्या.